नानाभाई मूस आणि अलिबागची वेधशाळा

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहून स्मार्टफोनमधील होकायंत्र उघडले, की पडद्यावरची सुई क्षणभर डळमळते आणि उत्तर दिशा दाखवून स्थिर होते. फोनच्या आत मात्र खरी सुई नसते. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप करणारा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा एक सेन्सर असतो. हा सेन्सर नुसते आकडे देतो; त्या आकड्यांतून दिशा काढण्याची व्यवस्था करते ती ऑपरेटिंग सिस्टिम. फोनचे सर्व भाग जिच्या हुकमतीत चालतात, ती ही मुख्य आज्ञावली होय. अशी आज्ञावली नव्याने रचू लागणाऱ्याला पहिल्याच पायरीवर एक प्रश्न भेटतो. सेन्सर जे सांगतो ते खरे कशावरून? फोनच्या ध्वनिवर्धकातही चुंबक असतो. फोनमध्येच खेळणारा विजेचा प्रवाहही सेन्सरला फसवतो. शिवाय चुंबकाची उत्तर आणि नकाशावरची उत्तर या दोन दिशा तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यामधील कोनाला दिक्पात म्हणतात आणि तो स्थळोस्थळी वेगळा असून वर्षागणिक पालटत जातो.

या अडचणी फोनबरोबर जन्माला आल्या असे नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच अलिबागेत एका विद्वान गृहस्थाने त्यांच्याशी सामना केला होता. त्यांचे नाव नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक होते.

कुलाबा वेधशाळेची स्थापना ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली केली. मुंबई बंदरात येणाऱ्या गलबतांना अचूक वेळ कळावी, हा तिचा आरंभीचा उद्देश होता. पुढे १८४१ साली तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. त्या काळी गाउस या जर्मन गणितज्ञाच्या प्रेरणेने जगातील अनेक देशांत एकाच पद्धतीने चुंबकत्वाची निरीक्षणे घेण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला होता. कुलाब्याची वेधशाळा त्या साखळीतील एक दुवा बनली. लोहचुंबकाची एक पट्टी बारीक धाग्याने टांगायची, ती किती हलते ते दुर्बिणीतून पाहायचे आणि वहीत लिहायचे, असा क्रम रात्रंदिवस, तासातासाला चाले. पाऊस असो वा उकाडा, निरीक्षकाला जागचे हलता येत नसे.

ही पट्टी हलते कशासाठी? पृथ्वी हा जणू एक प्रचंड चुंबक आहे. परंतु त्याचे बळ सदा एकसारखे नसते. दिवस उजाडला की सूर्याच्या तापाने वातावरणाच्या उंच थरात विजेचे प्रवाह वाहू लागतात आणि त्यांच्यामुळे चुंबकीय बळात हजारात एक-दोन भागांचा फरक पडतो. सूर्यावर मोठा उद्रेक झाला, तर हा फरक कितीतरी वाढतो. त्याला चुंबकीय वादळ म्हणतात. १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी असे एक भयंकर वादळ झाले. इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या ज्योतिर्विदाने सूर्यावर अकस्मात चमकलेला प्रकाश पाहिला आणि लगोलग जगभरच्या तारायंत्रांत बिघाड होऊ लागले. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी आपले काम सोडले नाही. चुंबकीय बळ शंभरात सुमारे चार भागांनी खाली गेल्याची नोंद त्यांच्या वहीत झाली. एवढी मोठी घट जगात फार क्वचित नोंदली गेली आहे. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आधार मिळाला तो कुलाब्याच्या या जुन्या आकड्यांचा.

या घटनेला दोन महिनेही झाले नव्हते तोच, २९ ऑक्टोबर १८५९ रोजी, नानाभाईंचा जन्म एका पारशी कुटुंबात झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. नंतर ते स्कॉटलंडला गेले आणि एडिंबरो विद्यापीठाची विज्ञानाची पदवी त्यांनी मिळवली. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवू लागले. अभियंत्याचा हात आणि शास्त्रज्ञाची दृष्टी असा दुर्मीळ योग त्यांच्या ठायी जुळला होता. पुढे त्यांच्यावर जो प्रसंग आला, त्यात या दोहोंचीही गरज पडली.

१८९६ साली कुलाबा वेधशाळेचा कारभार त्यांच्या हाती आला. त्याच वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि हजारो माणसे शहर सोडून निघून गेली. अशा दिवसांतही वेधशाळेचे काम खंडित होऊ देणे शक्य नव्हते. दोन वर्षांनी त्यांनी तेथे भूकंपाची नोंद करणारे यंत्र बसवले. परंतु त्यांचे लक्ष मुख्यतः लागले होते ते चुंबकत्वाच्या नोंदींकडे.

एव्हाना त्या नोंदींची पद्धत बदलली होती. डोळ्यांनी पाहून आकडे लिहिण्याऐवजी यंत्रे स्वतःच्या नोंदी स्वतः करू लागली होती. ही यंत्रे समजून घेण्यासारखी आहेत. अंधाऱ्या खोलीत एका बारीक तंतूला लहानसा चुंबक टांगलेला असे. चुंबकाला चिमुकला आरसा जोडलेला असे. दिव्याचा एक किरण त्या आरशावर पडून समोरच्या दंडगोलावर परावर्तित होई. दंडगोलावर छायाचित्रणाचा कागद गुंडाळलेला असे आणि घड्याळाच्या चक्रांनी तो संथपणे फिरत राही. चुंबक केसभर जरी हलला, तरी दूरवर पडलेला प्रकाशाचा ठिपका चांगलाच सरके आणि कागदावर वळणावळणाची रेघ उमटे. अशी तीन यंत्रे असत. एक दिक्पातासाठी, एक आडव्या दिशेच्या बळासाठी आणि एक उभ्या दिशेच्या बळासाठी. मात्र या यंत्रांतून केवळ चढउतार कळत असे. मूळ मोजमाप किती, ते कळत नसे. त्यासाठी ठराविक दिवशी निराळ्या उपकरणांनी हाताने मोजणी करून यंत्राच्या रेघेला आधाराचा आकडा द्यावा लागे. यंत्र स्वयंचलित झाले म्हणून माणूस मोकळा झाला, असे मुळीच नव्हते.

वेधशाळेच्या अशा या शांत कारभारात शहरातून एक विघ्न चालून आले. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम चालत असत. शहर वाढले, तशा त्या अपुऱ्या पडू लागल्या आणि १९०० च्या सुमारास विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. लोकांच्या दृष्टीने ही आनंदाचीच वार्ता होती. विजेच्या ट्रामला डोक्यावरील तारेतून प्रवाह मिळतो आणि तो रुळांवाटे परत जातो. परंतु सगळा प्रवाह रुळांतूनच जात नाही. त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि वाट मिळेल तिकडे पसरतो. जेथे वीज वाहते तेथे चुंबकत्व उत्पन्न होते. एखादी ट्राम सुरू झाली वा थांबली, की त्याचा धक्का कुलाब्याच्या नाजूक चुंबकांना बसणार, हे उघड होते. मग कागदावर उमटणारी रेघ पृथ्वीची की ट्रामची, हे कोणी सांगावे?

ही आपत्ती एकट्या मुंबईवरच आली होती असे नाही. कॅनडातील टोरांटोची वेधशाळा १८९८ साली याच कारणासाठी गावाबाहेर हलवावी लागली. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचे चुंबकीय कामही पुढे ट्रामच्या उपद्रवामुळे स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर येथे न्यावे लागले. आता मुंबईचे काय करायचे, हा प्रश्न होता. ट्राम अडवून धरणे योग्य नव्हते. शहराला त्यांची निकड होती. आणि नोंदी बंद करणे म्हणजे साठ वर्षांची साखळी तोडणे. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बदल इतके संथ असतात, की ते दहा-पाच वर्षांच्या वह्यांतून नीट उमजत नाहीत. त्यासाठी पिढ्यानपिढ्या एकाच मापाने केलेल्या नोंदी लागतात. असा संग्रह जगात मोजक्याच ठिकाणी होता आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात तर तो फारच दुर्मीळ होता.

वेधशाळेचे चुंबकीय काम दुसरीकडे न्यायचे ठरले. नवी जागा मुंबईपासून फार दूर असून चालणार नव्हते, कारण जितके अंतर अधिक, तितका नव्या व जुन्या नोंदींत फरक अधिक. ती फार जवळ असूनही चालणार नव्हते, कारण ट्रामचा प्रवाह तिच्यापर्यंत पोचता कामा नये. शेवटी निवड झाली ती अलिबागची. कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडे वसलेले हे गाव. तेथे रेल्वे नव्हती आणि ट्राम येण्याचा संभव नव्हता. मुंबईहून बोटीने रेवसला उतरायचे आणि तेथून रस्त्याने पुढे जायचे, असा त्या काळचा प्रवास होता. मौजेची गोष्ट अशी, की अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला किल्लाही कुलाबाच आणि त्याच्यावरून त्या वेळच्या जिल्ह्याचे नावही कुलाबाच. (या जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड असे झाले.) त्यामुळे वेधशाळा एका कुलाब्यातून निघून दुसऱ्या कुलाब्यात आली!

येथे नानाभाईंच्या अभियंतेपणाची कसोटी लागली. लोखंडाचा एखादा खिळा भिंतीत राहिला, तरी तो चुंबकाला आपल्याकडे ओढणार. कोकणातील काळा दगडही निरुपयोगी, कारण ज्वालामुखीच्या रसापासून बनलेल्या त्या दगडात चुंबकत्वाचा अंश असतो. म्हणून काठेवाडातील पोरबंदरचा फिकट वालुकाश्म आणवण्यात आला. लोखंड तर बांधकामात कोठेच वापरले नाही. दुसरी काळजी उष्णतेची होती. चुंबक तापला, की त्याचे बळ किंचित घटते आणि तो तापल्याची खूण पृथ्वीचा बदल म्हणून कागदावर उमटते. यावर उपाय म्हणून खोलीच्या आत खोली, अशा रीतीने यंत्रघर बांधण्यात आले. बाहेर उन्हाचा कितीही ताव असला, तरी आतील हवेचे तापमान दिवसभरात जवळजवळ बदलत नसे. हाताने मोजणी करण्यासाठी निराळी इमारत उभारण्यात आली. लोखंडाविना बांधलेली ही घरे आजही समुद्राच्या काठी उभी आहेत.

१९०४ साली अलिबागची यंत्रे चालू झाली. एखादा घाईचा अधिकारी असता, तर त्याने त्याच दिवशी कुलाब्याची यंत्रे बंद केली असती. नानाभाईंच्या कारकिर्दीत तसे घडले नाही. १९०६ पर्यंत, म्हणजे पुरी दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी नोंदी एकाच वेळी चालू राहिल्या. याचे महत्त्व एका साध्या उदाहरणावरून ध्यानी येईल. एखाद्या घरी धान्य मोजण्याची जुनी पायली झिजली आणि नवी आणली. नवी पायली जुनीपेक्षा लहान की मोठी, हे न पाहताच जुनी फेकून दिली, तर गेल्या वर्षीचे धान्य आणि यंदाचे धान्य यांची तुलना कशी करावी? तेच धान्य दोन्ही पायल्यांनी मोजून पाहिले, की दोहोंतील फरक कळतो आणि जुना हिशेब नव्या मापात मांडता येतो. कुलाबा आणि अलिबाग यांच्या नोंदींत जागेमुळे पडणारा जो फरक होता, तो असाच या दोन वर्षांत पक्का ठरला. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे सर्व ऋतू दोनदा तपासून झाले. त्यानंतर कुलाब्याची चुंबकीय यंत्रे थांबली आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची पहिली ट्राम धावली. साखळीचा एकही दुवा निखळला नाही.

यानंतर नानाभाईंनी आणखी एक प्रचंड काम तडीस नेले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी एकत्र करून, त्यांची छाननी करून, त्यांवर विवेचन लिहून तो सर्व ग्रंथ त्यांनी १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केला. साठ वर्षांचे तास पाच लाखांहून अधिक भरतात. त्या काळी आजच्यासारखे संगणक नव्हते. बेरजा, सरासऱ्या आणि ताळे सारे हाताने करायचे. या ग्रंथात त्यांनी अनेक चुंबकीय वादळे एकत्र घेऊन त्यांची तुलना केली. वादळाच्या आरंभी चुंबकीय बळ थोडे वाढते, मग ते पुष्कळ खाली जाते आणि त्यानंतर कित्येक तास, कधी कित्येक दिवस, हळूहळू पूर्वस्थितीला येते, हा क्रम त्या तुलनेतून स्पष्ट झाला. पुढील अभ्यासकांना हा ग्रंथ फार उपयोगी पडला. नुसते आकडे जमवणारे पुष्कळ असतात; जमवलेल्या आकड्यांना बोलते करणारे थोडे.

१९१९ साली नानाभाई निवृत्त झाले आणि १९३६ साली त्यांचे निधन झाले. तोपर्यंत संगणकही निर्माण झाला नव्हता, मग खिशातल्या फोनची कल्पना कोठून असणार? तथापि आज जो कोणी स्मार्ट उपकरणासाठी ऑपरेटिंग सिस्टिम रचावयास बसतो, त्याची वाट कुलाबा-अलिबागच्या वाटेला वारंवार येऊन मिळते.

अशा कामाचा आरंभ बहुधा एका छोट्या सर्किट बोर्डापासून होतो. त्यावर एक सेन्सर जोडायचा आणि त्याच्याशी बोलणारी एक लहान आज्ञावली लिहायची. तिला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर सेन्सरकडून आकडे मागून घेतो. सिस्टिमचा गाभा प्रत्येक आकड्याला वेळेचा शिक्का मारतो, कारण कोणत्या क्षणीचा आकडा हे ठाऊक नसेल, तर तो व्यर्थ होय. दंडगोल फिरवणारे घड्याळ अलिबागेत हेच काम करीत असे. यानंतर येतो तो लोखंडाचा प्रश्न. फोन पोरबंदरच्या दगडाचा करता येत नाही. ध्वनिवर्धकाचा चुंबक त्याच्या पोटातच असतो. यावर एक नामी युक्ती योजलेली आहे. फोन हातात धरून, इंग्रजी आठ हा आकडा हवेत काढावा तसा फिरवण्यास सांगितले जाते. फोन फिरला तरी त्याचा स्वतःचा चुंबक सेन्सरच्या एकाच बाजूला राहतो, पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा मात्र सेन्सरच्या मानाने सतत बदलते. जे बदलत नाही ते फोनचे आणि जे बदलते ते पृथ्वीचे, असा निवाडा करून सिस्टिम फोनचा भाग वजा करते. कुलाब्यात ट्राम आणि पृथ्वी यांचा असा निवाडा करण्याची सोय नव्हती, म्हणून तर खाडी ओलांडावी लागली.

शेवटी उरतो दिक्पात. मुंबई आणि अलिबागच्या परिसरात तो एका अंशाहूनही कमी असल्याने सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु जगात अशी कितीतरी ठिकाणे आहेत, जेथे तो दहा अंशांहून अधिक आहे. तेथे केवळ चुंबकावर विसंबलेला वाटसरू भलत्याच गावी जाईल. म्हणून अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिमांत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे एक गणिती प्रतिरूप साठवलेले असते. फोन कोठे आहे आणि आजची तारीख काय, एवढे कळले की त्यावरून त्या जागेचा दिक्पात निघतो. हे प्रतिरूप दर पाच वर्षांनी नव्याने तयार करावे लागते, कारण पृथ्वीचे चुंबकत्व स्थिर राहत नाही. त्यासाठी उपग्रहांची मोजमापे लागतात आणि जमिनीवरच्या वेधशाळांची साक्षही लागते. उपग्रह धावता असतो. एकाच जागी वर्षानुवर्षे बसून पाहणारा कोणीतरी हवाच.

असे पाहणाऱ्यांत अलिबाग आहे. कुलाबा आणि अलिबाग येथील वेधशाळांच्या कामातून १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणे उभी राहिली. तिचे मुख्य केंद्र आता रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. अलिबागच्या दगडी घरांजवळ आता नव्या काळची यंत्रे बसली असून त्यांचे आकडे चुंबकीय वेधशाळांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यामार्फत जगभर पोचतात. छायाचित्रणाचा कागद गेला, दिवा गेला. १९०४ पासून चालत आलेली नोंद मात्र चालू आहे, आणि तिला मागे जोडलेली आहे ती १८४६ पासूनची कुलाब्याची वही.